हेलपाट्यांचा हिशेब

मराठीत जाण्यायेण्याला शब्द पुष्कळ आहेत. परंतु ‘खेप’ आणि ‘हेलपाटा’ ह्यांतला फरक तलाठी कार्यालयाची पायरी झिजवलेल्या माणसालाच नीट कळतो. खेपेला काहीतरी हाती लागते. हेलपाट्यात नुसते चालणे होते. आज उतारा मागावा, तर उद्या अर्ज आणा. अर्ज न्यावा, तर परवा तिकीट लावून आणा. तिकीट लावून न्यावे, तर साहेब दौऱ्यावर. कारकुनाचे प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचे असते आणि आपला आठवडा जातो. अशा कार्यालयाच्या कार्यक्षमतेचा अहवाल करायचा झाल्यास कारकुनाने प्रत्येक कागदावर किती मिनिटे घालवली एवढेच बहुधा मोजले जाईल, आणि अहवाल उत्तम येईल. आपला आठवडा त्या अहवालात कोठेही नसेल.

संगणकीय विदागारांचा वेग ज्या रीतीने मोजला जातो आणि ज्या रीतीने तो ग्रंथालयांना व महाविद्यालयांना विकला जातो, तिच्यात हाच आठवडा गहाळ असतो, असे आमचे म्हणणे आहे. (‘डेटाबेस’ला ‘विदागार’ हा प्रतिशब्द आम्हांला फारसा आवडत नाही, पण रुळला आहे, तेव्हा वापरतो.) साहित्याच्या अभ्यासकांनी ह्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न येईल. ग्रंथसूची, शब्दकोश, हस्तलिखितांच्या याद्या, प्रबंधांची भांडारे हे सारे आता विदागारांतच राहते. आपल्या विद्यार्थ्याचा जुन्या मजकुराशी पहिला संबंध तेथे येतो. तो संबंध जुळतो की कंटाळून तुटतो, हे ठरवणारी निवड कोणत्या तरी निविदेतल्या एका आकड्यावर केली जाते. तो आकडा वाचता येणे ही आता आपली गरज झाली आहे.

आमचा अनुभव सांगतो. आम्ही काही जणांनी मिळून जुन्या मराठी नियतकालिकांची एक सूची तयार केली. अंक, त्यातील लेख, लेखक, टोपणनाव, अनुवाद असल्यास मूळ कृती अशी तिची मांडणी. ती महाजालावर ठेवण्याचे काम एका व्यावसायिकाकडे दिले. त्याने सादर केलेल्या कागदात वेगचाचणीचा निकाल होता: दर सेकंदाला कित्येक हजार व्यवहार. आमची सूची वापरणारे एका वेळी पन्नास असले तरी आम्ही धन्य होणार होतो, तेव्हा हा आकडा पाहून आम्ही दबून गेलो आणि सही केली. सूची खुली झाल्यावर विदर्भातील एका तालुक्याच्या महाविद्यालयातून एका प्राध्यापिकाबाईंचा दूरध्वनी आला. “सर, एक अंक उघडेपर्यंत माझा अर्धा वर्ग मोबाइलवर दुसरीकडे जातो हो.” आम्ही पुण्यात बसून घड्याळ लावले. साठ लेखांच्या एका अंकाची अनुक्रमणिका उघडायला अकरा सेकंद लागत होते.

व्यावसायिकाचे उत्तर ठरलेले होते: विदागार कमी पडते आहे, दुप्पट शक्तीचे यंत्र भाड्याने घ्या. आमच्यापैकी एकाचा मुलगा ह्याच धंद्यात आहे. त्याने एका संध्याकाळी विदागाराची नोंदवही उघडून आमच्यासमोर ठेवली. एक अनुक्रमणिका दाखवण्यासाठी आमचा कार्यक्रम विदागाराला १८१ प्रश्न विचारत होता. पहिला प्रश्न: ह्या अंकात कोणते लेख आहेत? मग प्रत्येक लेखासाठी तीन: लेखक कोण, त्याचे टोपणनाव काय, मूळ कृती कोणती? साठ त्रिक एकशे ऐंशी, अधिक पहिला. एकाचे उत्तर आल्याखेरीज दुसरा निघत नव्हता. आता गंमत अशी की सूचीचा कार्यक्रम पुण्यातील यंत्रावर होता आणि विदागार स्वस्त पडते म्हणून सिंगापूरच्या एका केंद्रात. एका प्रश्नोत्तराच्या जाण्यायेण्याला सुमारे ६० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे साठ हजारांश लागत. १८१ गुणिले ६०: झाले जवळजवळ अकरा सेकंद. विदागाराला एका प्रश्नाचे उत्तर शोधायला लागणारा वेळ मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सगळ्या १८१ उत्तरांना मिळून ३६ मिलिसेकंद. दुप्पट वेगाचे यंत्र घेतले असते तर त्या अकरा सेकंदांतले १८ मिलिसेकंद वाचले असते.

आणि तो कित्येक हजारांचा आकडा? तो खोटा नव्हता. प्रश्न विचारणारे चाचणीचे साधन विदागाराच्याच यंत्रावर बसवून तो काढला होता. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये अंतरच नव्हते.

येथे अंतर म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे, कारण ‘नेट स्लो आहे’ ह्या आपल्या लाडक्या वाक्याने विचार थांबतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद, आणि काचतंतूतून ह्याहून लवकर ते कोणालाही, कितीही पैसे मोजून, साधत नाही. रुंद जोडणी घेतल्याने एका खेपेत जास्त माल येतो. खेप लवकर होत नाही. मोल्सवर्थचा कोश आपल्यापैकी अनेक जण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहतात. पुण्याहून शिकागो सुमारे १३००० किलोमीटर. एका फेरीला निदान १३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून अधिक. तरीही शब्द शोधताना कोणी कुरकुरत नाही, कारण एका शब्दासाठी वाचकाच्या यंत्राला तेथवर दोनचारच फेऱ्या पडतात. सातासमुद्रापलीकडचा कोश चालतो आणि सिंगापूरची सूची रखडते. दोष अंतराचा खरा, पण अंतराला गुणणाऱ्या संख्येचा अधिक.

मग ही संख्या वेगमापनाच्या कागदावर का नसते? ह्याला इतिहास आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १ एप्रिल १९८५ रोजी ‘डेटामेशन’ ह्या अमेरिकी नियतकालिकात विदागारांच्या व्यवहारशक्तीचे मोजमाप सुचवणारा एक लेख ‘अनामिक आणि इतर’ अशा नावाने आला. त्यामागचा मुख्य हात जिम ग्रे ह्यांचा होता. (१९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे हे गृहस्थ जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एकटे शिडाच्या नौकेतून निघाले आणि पुन्हा दिसले नाहीत.) त्या लेखातील एक कसोटी बँकेच्या खिडकीवरची होती: खातेदाराने पैसे भरले, खाते बदलले, रोखपालाची बाकी बदलली, शाखेची बाकी बदलली, नोंद झाली. खिडकीवरचा माणूस आणि दूरचे यंत्र ह्यांच्यामधली तार त्या कल्पनेत होती. पुढे १९८८ साली टीपीसी ही परिषद स्थापन झाली, आणि १९८९ मध्ये तिने ह्याच कसोटीला टीपीसी-ए असे नियमबद्ध रूप दिले. तिच्यात दहापैकी नऊ व्यवहारांचे उत्तर दोन सेकंदांच्या आत खिडकीवर पोचले पाहिजे असा दंडक होता. आणि तिची एकके दोन होती, ‘लोकल’ आणि ‘वाइड’. जाळे जवळचे की दूरचे, हे आकड्याच्या नावातच लिहिलेले असे.

आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मजकुराबरोबर त्याचे स्थळ-काळ सांगण्याची जी शिस्त आपण पाठचिकित्सेत पाळतो, तीच येथे होती.

वर्षभरात, १९९० मध्ये, टीपीसी-बी आली. व्यवहार तोच, पण खिडक्या आणि तार काढून टाकलेली. उद्देश गैर नव्हता. विदागाराच्या यंत्रणेचीच ताकद पाहायची तर मधल्या तारेची भेसळ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तार मोजायची असेल तर विदागार विकत घेण्याचे कारण नाही. १९९५ साली परिषदेने ह्या दोन्ही कसोट्या निवृत्त केल्या. पण निवृत्तीनंतरही टीपीसी-बी एका वेगळ्या रूपात जगली. पोस्टग्रेस ह्या मुक्त विदागाराबरोबर येणारे ‘पीजीबेंच’ नावाचे चाचणीसाधन काहीही न सांगता चालवले तर तिच्याच धर्तीचा व्यवहार करते. फुकट आणि हाताशी असल्याने ते घरोघरी चालते. आमच्या कागदावरचा आकडाही त्याचाच होता.

पीजीबेंचचे माहितीपत्रक आम्ही, आपल्या सवयीने, ओळ न ओळ वाचले. त्यात एक प्रामाणिक कबुली आहे: पुष्कळ ग्राहकांची चाचणी घेताना हे साधन स्वतःच अडथळा होऊ शकते, तेव्हा ते वेगळ्या यंत्रावर चालवावे. लगेच पुढे मात्र अट येते की दोन यंत्रांमधील जाळ्याचा विलंब अल्प असणे अत्यावश्यक आहे. तांत्रिक दृष्ट्या सल्ला अचूक. पण वाचक म्हणून आमचे लक्ष त्या अटीतल्या गृहीताकडे जाते. अंतर ही तेथे पुसून काढायची धूळ आहे. ज्या बाई तालुक्याच्या गावी बसून अंक उघडतात, त्यांचे सगळे जगणे त्या धुळीत येते.

ह्याच पीजीबेंचच्या व्यवहारात एक अशी गोष्ट दडली आहे की जिच्यामुळे हा नुसता एकट्यादुकट्या वाचकाच्या खोळंब्याचा प्रश्न राहत नाही. त्या व्यवहारात पाच आज्ञा असतात, सुरुवात आणि समाप्ती धरून सात निरोप. चौथी आज्ञा शाखेची बाकी बदलते. ती बदलली की व्यवहार पुरा होईपर्यंत त्या शाखेच्या ओळीला कुलूप लागते आणि इतर सर्व जण दाराबाहेर उभे राहतात. त्यानंतर अजून नोंद करायची आणि समाप्ती सांगायची, म्हणजे दोन फेऱ्या बाकी. यंत्र एकच असेल तर ह्या फेऱ्या जवळजवळ फुकट. पण मध्ये ६० मिलिसेकंदांची तार घातली, की कुलूप १२० मिलिसेकंद तसेच राहते आणि एका शाखेत सेकंदाला आठांहून अधिक व्यवहार होऊच शकत नाहीत, विदागार कितीही बलाढ्य असो. आणि साधन जसेच्या तसे चालवले तर त्यात शाखा एकच असते! हजारांचा आकडा आठावर येतो, आणि दोन्ही आकडे खरे. दोन्हीकडे विदागार तेच, प्रश्न तेच; प्रश्नकर्त्याची जागा तेवढी बदलली.

आता फेऱ्या कमी करण्याच्या युक्त्यांकडे येऊ, कारण आमचा खरा वाद तेथे आहे. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे सगळी कृती विदागारातच लिहून ठेवायची आणि बाहेरून एकच हाक मारायची. ह्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. टीपीसी-सी ही १९९२ची कसोटी घ्या. तिच्यातील नव्या मागणीच्या व्यवहारात सरासरी दहा वस्तू असतात. प्रत्येक वस्तूची किंमत पाहा, साठा पाहा, साठा बदला, ओळ लिहा, असे सुटे प्रश्न विचारत गेल्यास फेऱ्या चाळिशी ओलांडतात. तेच कृती आत ठेवल्यास एक फेरी. कसोटीच्या नियमांना दोन्ही चालते. २०२१ साली आलेल्या पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीने दुसरी एक सोय दिली: उत्तराची वाट न पाहता निरोप एकामागून एक सोडत जायचे. पीजीबेंचलाही त्याच वेळी तशी आज्ञा मिळाली. तिसरी युक्ती साधीच आहे, वाण्याकडे जाण्यापूर्वी यादी करावी तशी. साठ लेखांचे साठ लेखक साठदा विचारण्याऐवजी एकदाच विचारावेत.

ह्या युक्त्या वाचकासाठी वापरल्या तर उत्तमच. आमच्या सूचीत त्या मुलाने तिसरी वापरली. १८१चे तीन प्रश्न झाले आणि अनुक्रमणिका पाव सेकंदाच्या आत येऊ लागली. यंत्र तेच, सिंगापूर तेच. परंतु हीच काटछाट वेगमापनात केली आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात केलीच नाही, तर? मग कसोटीतला विद्यार्थी आणि वर्गातला विद्यार्थी हे दोन वेगळे इसम होतात. विदागार-संशोधनाच्या क्षेत्रातच ह्याची कबुली एकदा मोठ्या व्यासपीठावरून दिली गेली आहे. २००७ साली मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी जुनी विदागारे मोडीत काढून नवी रचना करावी असा जोरकस निबंध लिहिला. त्यातील एच-स्टोअर ह्या रचनेत प्रत्येक व्यवहार आधीच लिहून ठेवलेल्या कृतीच्या रूपानेच यायचा होता. त्या एच-स्टोअरच्या उभारणीत पुढे राबलेले अँडी पाव्लो ह्यांनी दहा वर्षांनी, २०१७च्या सिग्मॉड परिषदेतील आपल्या भाषणात, विदागारे सांभाळणाऱ्या माणसांना विचारून मिळवलेली उत्तरे मांडली. त्यांचा एक निष्कर्ष असा, की संशोधक गृहीत धरतात तशा स्टोअर्ड प्रोसिजर प्रत्यक्षात लोक फारशा वापरत नाहीत. ज्याने जे घर बांधायला हात लावला त्यानेच त्या घरात कोण राहते हे मोजायला जावे, हे आम्हांला साहित्यसमीक्षेतही क्वचितच आढळले आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आधीच नोंदवतो. प्रत्येकाचे अंतर वेगळे, प्रत्येकाच्या फेऱ्या वेगळ्या. मग तुलना कशाची करायची? तुलनेसाठी काहीतरी स्थिर धरावेच लागते. हे मान्य. विदागारांची आपसांत तुलना करणाऱ्याने तार काढून टाकावी, आमची हरकत नाही. पण मग त्या आकड्याने वाचकाच्या अनुभवाविषयी बोलू नये. एकूण ओघ आणि एकाची वाट पाहणे ह्या दोन वेगळ्या राशी आहेत: टपालखाते दिवसाला लाखो पत्रे पोचवते, म्हणून आपल्या पत्राचे उत्तर आज संध्याकाळी येत नाही. निविदा लिहिणारे हे पुरते जाणून असतात. न जाणणारे आपण असतो, आणि पैसे सार्वजनिक असतात.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच आला. फेऱ्या एवढ्या वाईट, तर सगळेच विदागारात लिहून का टाकू नये? आम्ही ते नाकारले, आणि कारण वेगाचे नव्हे. प्रत्येक विदागाराची कृती लिहिण्याची बोली निराळी असते. ओरॅकलची एक, पोस्टग्रेसची दुसरी, मायक्रोसॉफ्टची तिसरी. एकदा तिच्यात सगळा संसार मांडला की घर बदलणे महाग पडते. आमच्यासारख्या, दर दोन वर्षांनी तांत्रिक माणूस बदलणाऱ्या गटाने ते ओझे घेऊ नये. ज्याच्याकडे पगारी तज्ज्ञ आहेत अशा बँकेने खुशाल घ्यावे.

आणखी एक गोष्ट जाता जाता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट ह्यांनी १९८३ साली काही विदागारांची तुलना प्रसिद्ध केली आणि तिच्यात ओरॅकलचे विदागार मागे पडलेले दिसले. त्यानंतर ओरॅकलच्या परवान्यात, आमच्या परवानगीशिवाय वेगमापनाचे निकाल छापू नयेत, असे कलम आले. इतरांनीही ते उचलले, आणि आजही ते ‘डेविट कलम’ म्हणून ओळखले जाते. पुस्तक विकत घ्या, पण परीक्षण लिहू नका असे एखाद्या प्रकाशकाने छापले असते तर आपण काय केले असते, ह्याचा विचार आम्ही थोडा वेळ केला. विकणाऱ्याखेरीज दुसऱ्याने मोजायचे नाही अशी सोय असेल, तर फेऱ्यांचा रकाना रिकामा राहण्याचे नवल वाटायला नको.

आमची मागणी मोठी नाही. ग्रंथालय, कोश, सूची ह्यांच्या कामाची निविदा काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने वेगाच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. वाचकाचे एक पान उघडताना विदागाराला किती फेऱ्या पडतात. कार्यक्रम आणि विदागार ह्यांच्यामध्ये एका फेरीला किती मिलिसेकंद लागतात. आणि चाचणीत मोजणारा कोठे बसला होता. पहिल्या दोहोंचा गुणाकार कोणत्याही मराठीच्या प्राध्यापकाला जमेल. तिसरे उत्तर वाचून आकडा कितपत मनावर घ्यायचा ते ठरवता येईल. चाचणीत फेऱ्या कमी करण्याची एखादी युक्ती वापरली असेल, तर तीच युक्ती आम्हांला देणार असलेल्या कार्यक्रमातही आहे असे सहीनिशी लिहून द्यावे.

आम्ही हा तीन रकान्यांचा कागद आमच्या त्या व्यावसायिकाला पाठवला आणि पुढील वर्षाच्या करारासाठी तो भरून मागितला. पहिल्या रकान्यात त्याने ३ लिहिले. आमच्याच मुलाने केलेले काम, पण असो. दुसऱ्यात ६०. तिसऱ्यात ‘लागू नाही’ असे लिहून कागद परत आला आहे. आम्ही तो पुन्हा पाठवला आहे.